धोंडूच्या भट्टीची राख

वऱ्हाडात जाऊन आलो हे कळल्यापासून आळीतला जो भेटतो तो एकच विचारतो, "मास्तर, तिकडे बैलांच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या असतात म्हणे, खरे का?" गळ्यात नव्हत्या. शिंगांवर चांदीच्या शेंब्या पाहिल्या, आणि त्याही एकाच जोडीच्या. पण एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला, हे आमच्या नाशकात आता नदीवर धुणे धुणाऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. तेव्हा ज्यांना चांदीच ऐकायची आहे त्यांनी हे पुढे वाचू नये. मी पाहून आलो तो तिथला कचरा, आणि त्या कचऱ्यावर चालणारा एक कारखाना. गेलो होतो मात्र या दोन्हींसाठी नव्हे. गेलो होतो धाकट्या भावाला घरी आणायला.

आम्ही नाशकातले तांबट. घरात भट्टी, दारात हातोड्यांचा ठोका आणि कपड्यांना चिंचेचा वास, अशात आम्ही वाढलो. माझ्या हाताला तांबे वळले नाही म्हणून मी शाळेत शिकवू लागलो. आमचे वडील आप्पा त्यावर "एक वाया गेला, एक आहे" एवढेच म्हणाले. जो एक होता तो धोंडू. अमरावतीला कापूस दाबायचा वाफेचा पेच उभा राहिला, त्याच्या तांब्याच्या नळ्या जोडायला माणूस हवा होता, म्हणून तो एका हंगामापुरता गेला. नळ्या जोडून झाल्या आणि त्याला तिथेच बॉयलरवर ठेवून घेतले.

तोवर सगळे ठीक होते. मग एक व्यापारी तिकडून परतला आणि आमच्या ओट्यावर बसून सांगू लागला, की तुमचा धोंडू बॉयलरमध्ये गावचा केरकचरा जाळतो, आणि लग्नातल्या उष्ट्या पत्रावळीसुद्धा त्याने विस्तवात घातल्या. आप्पांच्या हातातला चिमटा खाली पडला.

ज्यांनी तांबटाचे घर आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची भट्टी रोज सकाळी देवघरातल्या निरांजनावरून पेटते. तिच्याजवळ कोणी चप्पल घालून जात नाही, तिच्यात कोणी थुंकत नाही, आणि चुकून तिला पाय लागला तर नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. अशा घरात अग्नीला उष्टे घालणे म्हणजे देवाच्या तोंडात खरकटे घालणे. आप्पा म्हणाले, "ज्या हाताने अग्नीला उष्टं घातलं, तो हात माझ्या भट्टीला लागायचा नाही." व्यापाऱ्याने पुढच्या फेरीत हे वाक्य जसेच्या तसे अमरावतीला पोचते केले. चांगली गोष्ट असती तर वाटेत विसरला असता.

तेव्हापासून धोंडू घरी आला नाही. त्याची हातोडी भट्टीशेजारच्या खुंटीवर लटकत राहिली. आप्पा तिला कोणाला हात लावू देत नसत आणि तिच्याविषयी बोलतही नसत. मला वाटे, हे असेच चालायचे. पण यंदा आप्पांचा हात कापू लागला. हंड्यावर ठोके देताना एखादा ठोका बाजूला पडे, मग ते थांबत, हंडा फिरवून बघत आणि दाराकडे पाहत. दारात कोणी नसे. एके दिवशी मी म्हणालो, "मी जाऊन येतो." ते म्हणाले, "जायचं तर जा. मी कोणाला बोलावलेलं नाही."

निघताना मात्र माझ्या दशम्यांच्या शेजारी त्यांनी एका फडक्यात तिळाचे लाडू स्वतः बांधून दिले. मला तीळ बाधतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे.

अकोला

आगगाडी सध्या अकोल्यापर्यंतच जाते. पुढे रूळ टाकायचे काम चालू आहे आणि अमरावतीला बैलगाडीनेच जावे लागते. अकोल्यात उतरलो तर सगळीकडे कापूस. बंड्यांत, म्हणजे इथल्या बैलगाड्यांत, कापूस, ओट्यांवर कापूस, मोर्णा नदीच्या पाण्यावर कापूस, माणसांच्या भुवयांत कापूस. आमच्याकडे पिंजाऱ्याच्या दुकानात असते तेवढी रुई इथे नुसती हवेत उडत असते. शिंकत शिंकत मी गाडीवानाच्या शोधाला लागलो.

स्टेशनाच्या एका अंगाला दगडी कोळशाचा मोठा ढीग पडला होता. कडेने गवत उगवून वाळूनही गेले होते. त्याच्याकडे बघत उभा असताना मागून आवाज आला, "कोठी जाता जी?"

हा लहानू. अमरावतीहून कापसाच्या गाठी घेऊन आला होता आणि आता रिकामी बंडी घेऊन परत निघाला होता. मी म्हणालो, "रिकामा कशाला जातोस? हा कोळसा तरी भरून ने."

"तो अमरावतीच्या पेचाचाच हाय," लहानू म्हणाला. "पन कोनी नेत नाई."

"का?"

"काहून नेईन जी? आज बंडीत कोळसा भरला, उद्या त्याच बंडीत कापूस भरला, अन् कापसाले काळा डाग पडला, तं व्यापारी हातबी लावत नाई." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी बसा. तुमचा डाग नाई पडत."

विलायतेहून जहाजाने, मग आगगाडीने आलेला कोळसा शेवटच्या टप्प्यावर असा अडून बसला होता, आणि अमरावतीचे इंजन तिकडे उपाशी होते. धोंडू कचऱ्याच्या मागे का लागला याचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले.

वाटेवर

बंडीच्या तळाला उरलेल्या रुईवर मी ऐसपैस आडवा झालो आणि स्वतःला मोठा हुशार समजलो. दुपारी एका विहिरीवर पाणी प्यायला उतरलो तर पाणी भरणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तेल लावलेल्या शेंडीपासून पायांपर्यंत मी पांढरा झालो होतो. त्यांतल्या एकीने लहानूला विचारले, "हा बुढा पिंजारी कोठचा धरून आनला बाप्पा?" माझे वय काही तेवढे नाही.

वऱ्हाडचा रस्ता सपाट आहे. आमच्याकडे कुठेही उभे राहा, कोपऱ्यात एखादा डोंगर असतोच. इथे काळी जमीन जाते ती थेट आभाळाला भिडते, आणि वेचणी झालेल्या शेतांत कापसाची वाळकी झाडे, ज्यांना ते पऱ्हाट्या म्हणतात, ओळीने उभी असतात. डोंगर दिसला नाही की मला घर कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही. धोंडूला पहिले काही महिने असेच झाले असेल, असे सारखे मनात येत होते.

मूर्तिजापूरच्या पुढे एका आंब्याखाली लहानूने रोडगे केले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खातात. आमच्याकडे पुरणपोळीचे एवढे कौतुक करतात, पण त्या दिवशी कोणी विचारले असते तर मी पुरणपोळीशी बेइमानी केली असती. पोटभर जेवलो, पळसाची पत्रावळ बाजूला सारली आणि पाणी प्यायला तांब्या उचलला, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि माझी उष्टी पत्रावळ उडून सरळ विस्तवावर पडली.

लहानूने उडी मारून ती उघड्या हाताने बाहेर ओढली. बोटे भाजली. फुंकर घालायच्या आधी त्याने विस्तवाला हात जोडले. मग ती पत्रावळ बांधाजवळ माती उकरून पुरून टाकली.

"मी मुद्दाम नाही टाकली रे," मी म्हणालो.

"वाऱ्यानं पडली, त्याले कोनी काय करन?" तो म्हणाला. "मुद्दाम टाकनारा अमरावतीले हाय. धोंडू मिस्तरी. अग्नीले उष्टं चारते तो. मी गाठी भराले त्याच्या पेचावर जातो, पन तठी पानीबी पेत नाई."

तो माझा भाऊ आहे, हे त्याला सांगायला माझे तोंड उघडले नाही. बडनेरा मागे पडेपर्यंत मी बैलांविषयी बोलत राहिलो.

अमरावती

अमरावतीला परकोट आहे. वेशीतून आत शिरलो तर बाजार असा फुललेला, की आमच्या नाशकात सिंहस्थालाच इतकी गर्दी होते. पण तेजी आली की चांदीच्या आधी कचरा येतो, हे मला इथे कळले. विलायती सामानाच्या खोक्यांतला पेंढा, फाटकी गोणपाटे, बांधणीचे तुकडे, कुजकी सरकी, डागी म्हणून बाजूला टाकलेला कवडी कापूस, सगळे दुकानांच्या मागे साचलेले. आमच्या आळीत मोडके भांडे मोडीत जाते, मोडीतून वितळून पुन्हा भांडे होते. आप्पा नेहमी म्हणतात, तांब्याला मरण नाही. पण इथे जे पडले होते त्याला मरण होते आणि ते लवकर येत नव्हते.

पेच परकोटाबाहेर आहे. धुराडे लांबून दिसते. मी आवारात शिरलो तेव्हा बॉयलरच्या तोंडाशी एक काळाकुट्ट माणूस सळईने विस्तव सारखा करत होता. त्याने वळून पाहिले आणि सळई तशीच धरून उभा राहिला.

"कावून आला दादा?" तो म्हणाला. तोंडाचा रंग उडालेला मला काजळीतूनही दिसला. "आप्पा...?"

"बरे आहेत. आप्पा बरे आहेत," मी घाईने म्हणालो.

धोंडू मटकन खाली बसला. मग हसू लागला. "मंग असा भुतावानी पांढरा होऊन कावून आला बाप्पा? माहा जीवच गेला ना!"

मी त्याच्याशेजारी बसलो. तो विचारत होता, मी सांगत होतो, पण माझे लक्ष नव्हते. मले, तुले, करून राहिलो, जाऊन राहिलो... आप्पांचा मुलगा लहानूसारखा बोलत होता. भाऊ समोर दिसत होता आणि ऐकू येत नव्हता. मला फार एकटे वाटले. लाडवांचे फडके दिले तर त्याने आधी गाठीवरून बोट फिरवले. आम्ही तांबट लोक बाजारात न्यायच्या भांड्यांची उतरंड बांधताना जी दुहेरी गाठ मारतो, ती होती.

"ही आप्पाची गाठ हाय," तो म्हणाला, आणि ती सोडायला त्याने बराच वेळ घेतला.

धोंडू सारजाबाईच्या आवारात राहतो. ही एक म्हातारी कुणबीण. तिने त्याला पऱ्हाटीच्या कुडाची एक खोली दिली आहे, आणि पेचासाठी गावातला कचरा गोळा करायची बंडीही तीच फिरवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मलाही बंडीवर घेतले. "मास्तर हाय तं बसून काय करता? चाला," म्हणाली.

ही बंडी पाहण्यासारखी आहे. सारजाबाई गल्लीत शिरताच ओरडते, "वल्लं नको, काच नको, चुलीत जाईन ते नको!" शेवटचे सांगणे महत्त्वाचे. इथे घरोघरी चुलीत पऱ्हाटी जळते. पेचाने पऱ्हाट्या विकत घेतल्या तर गरिबाची चूल बंद पडेल, म्हणून धोंडूने नियम घातला, की जे चूल घेते ते बॉयलरला नाही. जे गुरे खातात तेही नाही. जे गोधडीत, उशीत, कुडात जाऊ शकते तेही नाही. एवढे वजा केल्यावर घरातून काय निघते म्हणता? झिजलेला झाडू. उंदरांनी खाल्लेले सूप. तेलाने चिप्प झालेल्या चिंध्या. कुजलेली चटई. एका बाईने बऱ्यापैकी टोपली टाकली तर सारजाबाईने ती तिच्याच अंगणात परत भिरकावली. "काहून वं, बुड बांधता नाई येत काय? कापसाचा पैसा आला म्हनून हात मोडले काय तुहे?"

पुढच्या घरच्या बाईने तिलाच फैलावर घेतले. "काल तुमच्या पेचाचा काळा धूर आला, माह्या वाळवनाचे सांडगे काळे झाले! वल्लं जाळता अन् सांगता वल्लं नको!" सारजाबाईने बंडी पुढे हाकली. पुढच्या वळणावर मला म्हणाली, "खरं हाय तिचं. काल सरकी वल्ली निंघाली." एवढी मोकळी कबुली मी आमच्या आळीत ऐकलेली नाही.

दुकानांमागचा कचरा त्याहून जास्त. पेंढा, गोणपाटाचे चोथे, सरकी काढायच्या रेच्यांखालची धूळभरली झाडणी. सगळे पेचाच्या आवारात उन्हात पसरतात, वाळले की धोंडू ढिगापाशी बसून आणखी एकदा निवडतो, आणि मग बॉयलरला देतो. ज्यांनी इंजन पाहिले नाही त्यांनी भाताच्या पातेल्यावरचे झाकण आठवावे. वाफ ते झाकण उचलते ना, त्याच वाफेला कोंडून इथे कामाला लावले आहे. धोंडू मूठभर तेलकट सरकी टाकतो, जाळ उसळला की वर झाडणी टाकतो, आणि थोड्या वेळाने तिकडे पेचाची लोखंडी फळी खाली उतरू लागते. खोलीभर कापूस पाहता पाहता एका गाठीत जातो. कोणाच्या तरी दारातला झिजलेला झाडू विलायतेला जाणाऱ्या कापसाला दाबत होता, याचे मला मोठे हसू आले.

मग धोंडूने नळीवर बोटाच्या पेराने ठोकले. दोन हलके, एक जड. कान लावून ऐकले, पुढे सरकला, पुन्हा ठोकले. दोन हलके, एक जड. कुठे चीर आहे का हे आप्पा प्रत्येक हंड्यावर असेच ठोकून ऐकतात. कालपासून जे नाशिक मला त्याच्या बोलण्यात सापडत नव्हते, ते तिथे होते. माझे डोळे भरून आले, आणि धुराचे निमित्त आयते मिळाले.

संध्याकाळी पेच थांबल्यावर मी विषय काढला. म्हणालो, "घरी चल."

"आप्पानं बोलावलं काय?"

"त्यांनी नाही. मी."

"मंग भट्टीले हात कोन लावू देईन मले? अन् भट्टीले हात न लावता त्या घरात बसून काय करू?"

"एकदा सांग ना त्यांना, की चूक झाली, पुन्हा उष्टे घालणार नाही. तेवढ्यावर ते विरघळतील. हात कापतो त्यांचा, धोंडू. सारखे दाराकडे बघतात."

 सारजाबाई ओट्यावर होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापत होती. मधोमध भोक पाडलेल्या या गोल चकत्यांच्या माळा करून वऱ्हाडात होळीत घालतात. तिचे हात थांबले.

"खोटं कसं सांगू दादा?" धोंडू म्हणाला. "येत्या लग्नसराईत मी पुन्हा घालीन. तवा काय झालं होतं, तुले कोनी सांगतलं नसन. मोठ्या घरचं लगन होतं. पत्रावळीचा हा ढीग, हिरीच्या काठाले. गुरं खाईनात, कुत्रे फाडून राहिले, पान्यावर माशा. पुरावं म्हनलं तं पुराले जागा नाई. मंग पटकी आली." त्याने सारजाबाईकडे पाहिले.

"माही सून गेली," सारजाबाई म्हणाली. "अन् या पोट्ट्यानं मंग त्या पत्रावळी वाळवून इंजनात घातल्या तं गावानं याच्या हातचं पानी सोडलं. मी त्याइले म्हनलं, माह्या सुनेले चितेवर ठेवलं तवा कोनी पाह्यलं काय, का ती सोवळी हाय का ओवळी? अग्नीनं घेतलं ना तिले? मंग पत्रावळीनं त्याचं काय घोडं मारलं?"

"ते काम मी दुसऱ्या कोनाले सांगत नाई," धोंडू म्हणाला. "माह्याच हातानं घालतो, मंग आंघोळ करतो, हात जोडतो. पाप असन तं माहं एकट्याचं. पन माफी नाई मांगत. आप्पाले म्हन, हात हाच हाय. असाच घेत असन तं येतो."

  मला भावाचा राग आला, आप्पांचा राग आला, आणि दोघांची इतकी माया आली की राग टिकला नाही. दोघेही एकाच तांब्याचे. ठोकले तर आवाज करतील, वाकणार नाहीत.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "माही हातोडी कोठी हाय?"

"खुंटीवर."

"आप्पा वापरते काय?"

"नाही. कोणालाच हात लावू देत नाहीत."

"गंजली असन मंग," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

निघायच्या दिवशी सकाळी तो राखेच्या खड्ड्यात उतरला होता. राख फडक्यातून वस्त्रगाळ करत होता. तांबटाच्या घरी राखेची किंमत असते. चिंच आणि राख, यांवरच आमची भांडी उजळतात. आप्पांची गोवरीच्या राखेबद्दल कायम कुरकुर असते, की खडा लागतो, तांब्यावर ओरखडा उठतो. धोंडूची राख पिठासारखी होती. त्याने तिचे गाठोडे बांधले, वर तीच दुहेरी गाठ मारली.

"आप्पाले देजो. काई पटवून सांगू नको," म्हणाला. "हे मात्र सांगजो, का यात सगळंच हाय. पत्रावळीबी."

वेशीपर्यंत तो आला. बंडी पुढे लांब उभी होती, तिथवर आला नाही. बंडी वळणावर गेली तेव्हा मी मागे पाहिले, तर हात कपाळाशी धरून उन्हात उभा होता. गाठींच्या आडोशाला मला ऊन लागत नव्हते तरी मीही कपाळाशी हात धरला.

परत

योग असा, की परतीलाही लहानूच भेटला. कापसाच्या गाठी भरून अकोल्याला निघाला होता. माझ्या गाठोड्याकडे त्याने संशयाने पाहिले. "काय हाय जी?"

"राख."

"राख चालते. राखेचा डाग नाई पडत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर त्याने तोंड धुवायला माझ्याकडे चिमूटभर राख मागितली. नाही कसे म्हणू? आणि सांगावे तरी कसे? तो बोटाने दात घासू लागला तेव्हा मला राहवले नाही. म्हणालो, "लहानू, ती धोंडू मिस्तरीच्या भट्टीची आहे. तो माझा सख्खा भाऊ."

बोट तोंडातच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग ओढ्याकडे, मग बैलांकडे. खूप वेळ थुंकावे की गिळावे हे त्याला ठरवता येईना. शेवटी चूळ भरली, जिभेने दात चाचपले आणि बैल जुंपायला गेला. गाडी निघून बराच पल्ला गेल्यावर पुढे बघतच म्हणाला, "दात तं साफ झाले जी."

मी मोठ्याने हसलो. अमरावती सोडल्यापासून पहिल्यांदाच.

घरी पोचलो तेव्हा आप्पा भट्टीपाशी बसले होते. विस्तव होता, काम नव्हते. प्रवास कसा झाला असे त्यांनी विचारले नाही. मी गाठोडे पुढे ठेवले. त्यांनी गाठ पाहिली, आणि ती सोडायला त्यांनाही बराच वेळ लागला. तो हाताच्या कापण्यामुळे होता असे मी धरून चाललो.

मी सगळे सांगितले. अकोल्याचा कोळसा, सारजाबाईची सून, विहिरीवरच्या माशा. या राखेत पत्रावळीही आहेत आणि येत्या लग्नसराईत तो पुन्हा घालणार आहे, हेही सांगितले. पटवले काहीच नाही.

आप्पांनी चिमूटभर राख घेऊन दोन बोटांत चोळली. "अर्धवट जळलेलं काही नाही यात," ते म्हणाले. "पुरा जाळ लागतो त्याचा." आमच्या घरात याहून मोठे कौतुक कोणी कोणाचे केलेले नाही.

मग ते उठले. देवघरातले ताम्हन काढून आणले, चिंचेचा गोळा घेतला आणि त्यावर ती राख घालून घासू लागले. मी बघतच राहिलो. हात कापत होता, तरी घासत राहिले. ताम्हन धुतले, पुसले, उजेडाकडे धरून ओरखडा शोधला. नव्हता. ते ताम्हन त्यांनी नेऊन पुन्हा देवापुढे ठेवले आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारले, "त्याचे हात कसे आहेत रे?"

"भाजलेत. जागोजागी."

"बोलतो कसा?"

"वऱ्हाड्यांसारखा. पण नळीवर ठोकतो तुमच्यासारखा. दोन हलके, एक जड."

आप्पा वळले, भट्टीशेजारच्या खुंटीपाशी गेले आणि धोंडूची हातोडी काढली. मला वाटले होते ती गंजून गेली असेल. तिच्यावर गंज तर नव्हताच, धूळही नव्हती. दांड्याला तेल होते, अगदी ताजे, आप्पांच्या बोटांना लागण्याइतके. ती त्यांनी एका स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि वर दुहेरी गाठ मारली.

"अकोल्यापर्यंत गाडी," आप्पा म्हणाले, "आणि पुढे बैल. असंच ना?"